मावशी स्वतःहून तयार आहेत, मग अडलं कुठे?

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षिका भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांच्या दोन्ही किडन्या मधुमेहाने निकामी झाल्या आहेत आणि वर्षभरापासून आठवड्याला तीन डायलिसिस चालू आहेत. यजमानांचा रक्तगट बी, यांचा ए, त्यामुळे ‘तुमची चालणार नाही’ असं यांना सांगण्यात आलं. सासूबाईंना स्वतःलाच साखर आहे. धाकट्या दिरांनी आधी होकार दिला, मग जाऊबाईंच्या माहेरची माणसं येऊन गेली आणि विषय बंद झाला. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, पण त्याची किडनी घ्यायला दोघांचंही मन धजत नाही. अशात घरी बारा वर्षं स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “दादांना मी देते.” त्यांचा गट ओ आहे. त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, फी भरायची आहे, शिवाय फायनान्सवाल्यांचे हप्ते थकले आहेत. हे कुटुंब मावशींना सहा लाख रुपये देणार आहे. ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, “मावशींना सख्खी बहीण दाखवू, कागदपत्रांचं माझ्याकडे लागलं.” भगिनी विचारतात, “आम्ही कुणाला फसवत नाही. एक जीव वाचतोय, एका मुलीचं शिक्षण होतंय. मग यात वाईट काय, आणि कायद्याला हे का चालत नाही?”

ताई,

डायलिसिस चालू असलेल्या घरात पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. भाजी उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. नारळपाणी बंद, केळं बंद. फिस्टुला केलेल्या, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या हातावर झोपायचं नाही, त्या हातात पिशवी धरायची नाही, रक्तदाबसुद्धा दुसऱ्या हाताचा घ्यायचा. मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलं. असे रुग्ण आणि त्यांच्या बायका रोज समोर बसायच्या. नवऱ्याची चार तासांची डायलिसिस संपेपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर वह्या तपासत बसलेल्या शिक्षिकाही मी पाहिल्या आहेत. त्यामुळे तुमच्या मनात हा विचार आला याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. माणूस डोळ्यांदेखत खंगत असताना जी वाट दिसेल ती माणूस धरतोच.

पण तुमचंच पत्र तुम्हाला पुन्हा वाचून दाखवते. ‘ती स्वतःहून म्हणाली’ असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या आधी लिहिलंय की दीर नाही म्हणाल्यावर त्या संध्याकाळी तुम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी बोलत होतात, यजमान म्हणाले, “आता पैसे देऊन कुणी मिळतं का बघू,” आणि मावशी आत पोळ्या लाटत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या बाळंतपणाचा जुना कागद घेऊन आल्या, त्यावरून त्यांचा ओ गट तुम्हाला कळला. म्हणजे मधल्या रात्री त्यांनी विचार केला. त्या विचारात दादांबद्दलची माया नक्की होती, बारा वर्षं ज्या घरात वावर आहे तिथे ती असतेच. पण कॉलेजने दिलेली फीची तारीखही होती, आणि दर आठवड्याला दाराशी येणारा हप्तेवाला माणूसही होता.

यातलं काय किती होतं, हे तपासायचा एक साधा मार्ग आहे. समजा उद्या तपासणीत निघालं की मावशींना रक्तदाब आहे, त्यांची किडनी घेता येत नाही. मग त्यांच्या मुलीची फी तुम्ही भराल का? यजमानांना विचारा, स्वतःलाही विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर ती आजच भरा, किडनीचा विषय पुढे जायच्या आधी. उत्तर ‘नाही’ असेल, तर सहा लाख ही मुलीच्या शिक्षणाला केलेली मदत नाही, ती किडनीची किंमत आहे, आणि निदान आपल्याशी तरी आपण ते कबूल करायला हवं. मग उलट्या बाजूनेही बघा. फी भरली गेली, हप्ते फिटले, आता काही देणं नाही. तरीही मावशी म्हणतील का, “दादांना मी देते”? कदाचित म्हणतीलही. तसं झालं तर त्या बोलण्याला वजन येईल.

तुमच्या दिरांवर तुमचा राग आहे, तो पत्रात जागोजागी दिसतो. पण दिरांचं नाही म्हणणं आणि मावशींचं नाही म्हणणं यांतला फरक लक्षात घ्या. दीर नाही म्हणाले, तरी ते दीरच राहिले. पुढच्या दिवाळीला येतील, थोडं अवघडून बसतील, जेवून जातील. मावशी आधी हो म्हणाल्या आणि उद्या नाही म्हणाल्या, तर त्यांचं काम राहील का? तुम्ही काढणार नाही, हे मला पत्रावरून कळतं. पण मावशींना ते कसं कळावं? त्यांना अडीअडचणीला उचल तुमच्याकडून मिळते, मुलीच्या अर्जावर सही-शिक्क्याचं काम तुम्ही करून दिलंत. ज्याच्या हातात आपली रोजी आहे त्याला ‘नाही’ म्हणायची सोय फार थोड्यांना असते. आणि जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथल्या ‘हो’वर शस्त्रक्रिया करू नये, असं माझं ठाम मत आहे.

यजमानांचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. ते म्हणतात, “सज्ञान बाई आहे, शरीर तिचं आहे, बांधकामावर जीव धोक्यात घालून लोक मजुरी करतातच, मग हेच का नको? इराणमध्ये तर हे कायदेशीर आहे.” इराणमध्ये १९८८ पासून पैसे घेऊन किडनी देण्याची सरकारमान्य व्यवस्था आहे, हे खरं आहे. प्रतीक्षेतल्या रुग्णांना तिचा उपयोग झाला, हेही खरं. पण तिथेही देणारे प्रामुख्याने गरीब आणि कर्जबाजारी लोकच आहेत. बांधकामावरचा मजूर आज वाचला तर उद्या दोन्ही हातांनिशी कामावर जातो. इथे जे गेलं ते परत येत नाही, आणि ते विकून जो प्रश्न सोडवायचा होता तो सुटतो का, हा खरा सवाल आहे.

त्याचं उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलं आहे. २००१ मध्ये चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांना गाठून त्यांची माहिती घेतली गेली, आणि पुढच्या वर्षी तो अभ्यास अमेरिकेतल्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. कबूल झालेले पैसेही पुरते हातात पडले नव्हते. विक्रीनंतर कुटुंबाचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटलं. पाहणीच्या वेळी तीन चतुर्थांश लोक अजूनही कर्जातच होते. ८६ टक्के म्हणाले की तब्येत आधीसारखी राहिली नाही. दुसऱ्या कुणाला हा सल्ला द्याल का, यावर ७९ टक्क्यांनी नाही म्हटलं. आणि विकणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या.

असं का होतं, हे मावशींच्या दिवसाकडे पाहिलं की कळतं. चार घरी स्वयंपाक, पाण्याच्या कळश्या, गॅसची टाकी सरकवणं, पिठाचा डबा उतरवणं. किडनी काढल्यावर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही. तेवढ्या दिवसांत बाकीची तीन घरं दुसरी बाई बघतील. वैद्यकीयदृष्ट्या एका किडनीवर निरोगी माणूस चांगला जगतो. शस्त्रक्रियेत दाता दगावण्याचं प्रमाण दहा हजारांत तीनच्या आसपास आहे, म्हणजे फार कमी. पण त्यानंतर दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेता येत नाहीत, साखर-रक्तदाब उद्भवला तर लगेच आवर घालावा लागतो. तुमच्यासारख्या पगारदार घरात हे जमतं. कंबर दुखली की मेडिकलमधून दहा रुपयांची गोळी घेऊन पुन्हा कामाला लागणाऱ्या बाईला कोण सांगणार, कोण नेणार? आणि पैसा? तो आला तसा कर्जात जातो. कर्ज ज्या कारणाने झालं, म्हणजे कमी मजुरी, आजारपण, लग्नकार्य, ते जागच्या जागीच राहतं.

आता कायद्याचं. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे आणि तो सुरुवातीलाच लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून दिली जाणारी सायक्लोस्पोरिनसारखी औषधं आल्यावर नात्याबाहेरची किडनीही शरीर स्वीकारू लागली, आणि ऐंशीच्या दशकात मुंबई-चेन्नईत उघड बाजार भरला. आखाती देशांतून रुग्ण यायचे आणि झोपडपट्टीतले लोक द्यायचे. कायदा त्यातून जन्मला. त्यानुसार नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं हे जवळचे नातेवाईक. त्यांच्याबाहेरचं माणूस केवळ आपुलकीपोटी किंवा विशेष कारणाने देऊ शकतं, पण त्याला प्राधिकार समितीची, म्हणजे असे अर्ज तपासायला कायद्याने नेमलेल्या समितीची परवानगी लागते. पैशाचा व्यवहार झाला तर ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड. ही शिक्षा किडनी घेणाऱ्याला आहे, मध्यस्थाला आहे आणि किडनी देणाऱ्यालाही आहे. नातं खोटं दाखवायला मदत करणं हाही त्यातलाच गुन्हा.

म्हणून त्या ओळखीतल्या गृहस्थांचा फोन यापुढे घेऊ नका. ते तुमचं काम करत नाहीत, तुम्हाला अडकवत आहेत. २०२२ मध्ये पुण्यात एक प्रकरण उघडकीला आलं. एका बाईंना १५ लाखांचं आमिष दाखवून रुग्णाची बायको म्हणून कागदावर उभं केलं होतं. शस्त्रक्रिया झाली, ठरलेले पैसे मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनीच वाचा फोडली. गुन्हा दाखल झाला त्यात रुग्णालयातले लोक होते, रुग्ण होता, आणि त्या बाईही होत्या. मावशींच्या मुलीने नर्सिंगच्या पहिल्या वर्षात असताना आईला पोलीस ठाण्यात भेटायला जावं, असं तुम्हाला वाटत नसणार.

समजा सगळी देणी बाजूला ठेवून, मुलीची सोय लागल्यावरही मावशी देण्यावर ठाम राहिल्या. तर खरं नातं सांगूनच अर्ज करायचा. समिती काय बघते, ते सांगते. दोघांची ओळख कशी, किती वर्षांची, जुने एकत्र फोटो आहेत का, देण्यामागचं कारण काय, मध्ये कुणी दलाल आहे का. दोन्ही घरांचे मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागतात, आणि दोघांच्या परिस्थितीत मोठी तफावत असेल तर ती खास तपासतात. मावशींच्या नवऱ्याला बोलावून विचारतात, त्यांची हरकत असेल तर ती नोंदवतात. मुलाखतीचं चित्रीकरण होतं. मी अशा मुलाखतींच्या बाहेर बसलेली आहे. पढवून आणलेली बाई आत गेली की पहिली दोन उत्तरं झरझर देते, आणि मग “तुमच्या घरच्यांना कोणी सांगितलं?” अशा एखाद्या साध्या प्रश्नावर दाराकडे बघायला लागते. तुमच्या बाबतीत मालक आणि कामाला येणारी बाई हे नातं बघता परवानगी मिळणं कठीण आहे, हे आधीच धरून चला. एक गोष्ट मात्र कायदा मोकळेपणाने मान्य करतो. देण्यामुळे जो खर्च होतो आणि जी मजुरी बुडते, ती भरून देणं म्हणजे किंमत देणं नव्हे. घरातला दाता असो की बाहेरचा, त्याचे बुडालेले पगार, जाणं-येणं, तपासण्या हे रुग्णाच्या कुटुंबाने द्यायलाच हवं. अनेक घरांत बहिणीने किडनी दिली की तिच्या रजेचा विषयही कुणी काढत नाही.

मावशींच्या मुलीचं आधी बघू, कारण तिथे वेळ कमी आहे. तिचा प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झाला असेल तर कॉलेजात शुल्कमाफीची चौकशी करा. २०२४ पासून राज्यात वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं हे गोळा करताना मावशींचे दोन खाडे होतील, ते तुम्ही सोसा आणि अर्ज बसून भरून द्या. शाळेत मुलींचे असे अर्ज तुम्ही भरतच असाल. ज्या फीसाठी मावशी शरीर द्यायला निघाल्या, ती भरायचीच नव्हती असंही निघू शकतं. हप्त्यांचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत, आणि वसुलीसाठी दमदाटी चालत नाही. कर्ज खासगी सावकाराचं असेल आणि त्याच्याकडे परवाना नसेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.

आता तुमचं. “तुमची चालणार नाही” हे तुम्हाला नेमकं कुणी सांगितलं, पत्रात नाही. पण ते पूर्ण उत्तर नाही. तुमचा ए, यजमानांचा बी. दुसऱ्या एखाद्या घरात नेमकं उलटं असतं: देणारी बी गटाची, घेणारा ए गटाचा. तुम्ही त्यांच्या माणसाला द्यायची, त्यांनी तुमच्या माणसाला. याला स्वॅप म्हणतात, कायद्यात त्याची तरतूद आहे, समितीच्या परवानगीने ते होतं आणि शस्त्रक्रिया सहसा एकाच दिवशी करतात. ए आणि बी ही अशी जोडी आहे की तिला जोड मिळण्याची आशा बऱ्यापैकी असते. रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण करता येतं, पण खर्च वाढतो आणि जंतुसंसर्गाची भीतीही; मधुमेही रुग्णाच्या बाबतीत हा पर्याय मी शेवटी ठेवीन. मृत दात्याच्या किडनीसाठी नोंदणी केली आहे का, याचाही उल्लेख नाही. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे मृत दात्यांच्या अवयवांची यादी आणि वाटप बघणारी विभागीय समन्वय केंद्रं आहेत. नोंदणी रुग्णालयामार्फत होते. प्रतीक्षा लांब असते, म्हणूनच नाव लवकर लागलेलं बरं. स्वॅपचे प्रयत्न चालू असतानाही ते नाव यादीत राहू शकतं.

तुम्ही स्वतः देणार असाल, तर ‘नाही’ म्हणता यायला हवं हा नियम तुमच्यासाठीही आहे. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे तुम्हाला कुठल्याही रुग्णालयात दिसेल. तुम्हाला एकटीला बसवून विचारतील, तेव्हा भीती वाटत असेल तर सांगा. चांगल्या ठिकाणी दात्याला ‘नाही’ म्हणायचं असलं तर डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतात की वैद्यकीय कारणाने जमत नाही. हे दिरांनाही सांगा. जाऊबाईंसह त्यांना एकदा किडनीतज्ज्ञांकडे बोलवा, रुग्णाशिवाय. जाऊबाईंच्या माहेरच्यांनी काय ऐकलंय, कुणाचं बघितलंय, ते तिथे बोलू द्या. कदाचित उत्तर नाहीच राहील, पण ते माहितीवर दिलेलं असेल आणि तुम्हालाही त्याचा राग कमी येईल. मुलाबाबत तुमचं मन बरोबर सांगतंय. कायद्याने तो देऊ शकतो, पण वडिलांना मधुमेह असताना एकोणीस वर्षांच्या मुलाची किडनी घ्यायला डॉक्टरही बिचकतात, कारण पुढे त्यालाच साखर निघण्याची शक्यता असते.

मावशींशी या आठवड्यातच बोला. तुमच्या घरी कामाच्या वेळी नको, त्यांच्या घरी जा, यजमानांना बरोबर घ्या, मावशींचे यजमान आणि मुलगी समोर असू द्या. सांगा की किडनीचा विषय आमच्या बाजूने संपला, कारण तो चुकीच्या पद्धतीने सुरू झाला होता. तुमचं काम, पगार, मुलीच्या फीची मदत यांतलं काही बदलणार नाही. मग गप्प बसून त्यांचं ऐका. आणि रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला भेटायला जाताना दोघांच्या रक्तगटाचे रिपोर्ट, यजमानांचे डायलिसिसचे कागद, हृदयाची तपासणी झाली असेल तर ती, आधार आणि लग्नाचा दाखला घेऊन जा. लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर ती आत्ताच उरका. बायको दाता असली की रुग्णालय तो दाखला मागतंच, आणि त्यावाचून अनेकांचे महिने वाया जाताना मी पाहिले आहेत.